कौसाबाईंनी एकदाच विचारलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. मैत्रीण अशी कधी होऊ दिली नाही, आणि देवळात गेले तरी हात जोडून गप्पच उभी राहायचे — बोलायचं तर कोणत्या नावानं बोलणार? आता वसतिगृहाची नोकरी संपली. मुली गेल्या. खोलीत मी एकटी असते. तुम्ही समोर बसला आहात असं धरते आणि सांगते. मध्येच अडखळले तर थोडं थांबा.

लोक मला सुशीलाबाई म्हणतात. हे नाव माझं नाही.

पण नाव चोरलं, एवढीच गोष्ट असती तर मी ती पचवली असती. नावं माझी आधीही बदललीच होती. माहेरी मी गया. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘मंदाकिनी’ लिहिलं, आणि गया त्या ताटात राहिली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढं जालन्यात बियाणं निवडायच्या कामाला लागले तेव्हा मीच मला कमल म्हणवून घेतलं. तेव्हा कळलं, नाव बदलणं किती सोपं असतं. पहिले आठ दिवस हाक आली की मान वळायला जरा वेळ लागतो. मग लागत नाही.

सासर माझं भोकरदनच्या बाजूला. नवरा चारचौघांत मारणारा नव्हता, आवाजही चढवत नसे. घरात काय करायचा ते मी इथं सांगणार नाही. ते ऐकलंत तर तुम्ही मला सगळंच माफ करून टाकाल, आणि मला ते नकोय. एवढंच सांगते, की मी पळून मावशीकडं गेले, तर पाचव्या दिवशी तो मावशीच्या दारासमोरच्या लिंबाखाली येऊन बसला. हाक नाही, भांडण नाही. मांडीवर माझ्या चपला — पळताना घरीच राहिलेल्या. मावशीनं त्याला चहा दिला आणि आत येऊन मला म्हणाली, “माणूस चांगलाय गं. इतक्या लांबून चपला घेऊन आला.” आणि पाठवलं मला त्याच्यासोबत.

दुसऱ्यांदा पळाले ती जालन्याला. सात महिने कमल होऊन निवांत गेले. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर आले, तर समोरच्या टपरीच्या बाकड्यावर तो. मांडीवर कागदाचा पुडा. त्यानं तो हळूच उघडून दाखवला — आत नव्या चपला होत्या, माझ्या मापाच्या. हसला. मी आत गेले, गठुडं उचललं आणि मागच्या भिंतीवरनं उतरून थेट बसस्टँड गाठलं. जी गाडी निघत होती तिच्यात बसले. अंबड. तिथून दुसरी गाडी. शहागडला उतरले, कारण तिकीट तिथपर्यंतचं होतं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा उन्हाळा असेल तो. हमरस्त्याला एका छपराखाली बायका गाडीची वाट बघत बसलेल्या. तिथं सुशीला भेटली. माझ्याच वयाची, सावळी, फार बोलकी. गंगेपलीकडल्या गावाहून आलेली — आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. बाप नाही, भाऊ नाही, एकटी आई. दहावी झालेली. वडीगोद्रीच्या पुढं एका गावात मुलींचं वसतिगृह निघालं होतं, तिथं तिला नोकरी लागली होती, आणि उद्या हजर व्हायचं होतं. नेमणुकीचा कागद तिनं मला दोनदा वाचून दाखवला. मी काय काम करते असं तिनं विचारलं, तेव्हा मी काहीतरी सांगितलं. तिला ते खरं वाटलं नसावं, पण पुढं विचारलं नाही. आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू माझ्या हातावर ठेवले.

तहान लागली होती. मी म्हटलं, पाणी आणते. तिची बाटली पिशवीच्या तळाशी होती. ती म्हणाली, “कुठं उपसती सगळं, पिशवीच घिऊन जा. तुझं गठुडं म्या बघते.” मी तिची पिशवी खांद्याला लावली. माझं गठुडं तिच्या मांडीवर.

हापसा वळणापलीकडं होता. बाटली अर्धी भरली आणि आवाज झाला. ट्रक रस्ता सोडून छपरात घुसला होता.

मी पळत आले, तोवर माणसं जमली होती. सुशीला गेली होती. चेहऱ्याला काही झालं नव्हतं — हे ध्यानात ठेवा. झोपल्यासारखी दिसत होती. कुणीतरी तिच्या हातातलं गठुडं सोडलं. त्यात माझा सरकारी दवाखान्यातला कागद होता, त्यावर माझं सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. एकजण मोठ्यानं वाचायला लागला. मंदाकिनी. राहणार अमुक, तालुका भोकरदन.

मी तिथंच उभी होते. चार पावलांवर. खांद्याला तिची पिशवी.

काय करायला हवं होतं? ‘ती मी आहे, ही दुसरी आहे,’ एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, आता तो मला शोधणार नाही. आता कुणीच शोधणार नाही. आणि तोंड मिटलं. मी तिला मारलं नाही. पण तिला तिच्या नावानिशी मरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. उन्हाळ्यात इतक्या लांब नेणं शक्य नव्हतं म्हणून गंगेच्या काठावर, पुलाच्या खालच्या अंगाला, तिथंच उरकायचं ठरलं. मी पुलावर बघ्यांच्या गर्दीत पदर ओढून उभी होते. अंगावर तिची साडी. त्यानं अंगावरची चादर बाजूला केली आणि तोंड बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, ही नव्हं. त्याला चुकायचं कारणच नव्हतं. तिच्यात-माझ्यात काडीचं साम्य नव्हतं. मग त्यानं चादर परत नीट केली, पोलिसांकडं बघून मान हलवली. हीच. आणि मान वर करून एकदा पुलावरच्या माणसांवरून नजर फिरवली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यानं मला बघितलं का? त्याला काय पाहिजे होतं — दुसरं लग्न, की नुसती सुटका? का त्याला मी जिवंत आहे हे एकट्याला ठाऊक ठेवायचं होतं? मला आजही माहीत नाही. पुढं कित्येक वर्षं वसतिगृहाच्या दाराबाहेर चपलांची अनोळखी जोडी दिसली की मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

पिशवीत दहावीचा कागद, शाळा सोडल्याचा दाखला, नेमणुकीचं पत्र, दोन साड्या आणि लाडवांचा डबा होता. फोटो कशालाच लागत नव्हता तेव्हा. दोन दिवस मी ते लाडू खाल्ले. तिसऱ्या दिवशी हजर झाले. सुपरिटेंडेंट म्हणाले, उशीर झाला. मी म्हटलं, हो, शहागडला ॲक्सिडेंट झाल्ता.

महिन्यानं कार्ड आलं. ‘चि. सुशीला हिस तुझ्या आईचा आशीर्वाद. पोचल्याचं कळवलं नाहीस, जीव लागून राहिला आहे.’ आई अडाणी. शेजारच्या गुरुजींनी लिहिलेलं. मी ते कितीदा वाचलं असेल. जाळूनही टाकता आलं असतं. पण उत्तर गेलं नाही तर ती शोधत येणार, हेही कळत होतं. एका मुलीला समोर बसवून लिहून घेतलं: हाताला लागलं आहे म्हणून दुसऱ्याच्या हातानं लिहीत आहे. सुरुवातीला ‘तीर्थरूप आईस’. शेवटी ‘काळजी करू नये’.

आणि मला वाटलं, जमलं.

कार्डं येत राहिली. मी कोण आहे ते मला त्या कार्डांवरून कळत गेलं. मला कारलं आवडतं. आंबटानं माझा घसा धरतो, म्हणून चिंच खायची नाही. मी चिंच सोडली. आणि सांगू का — दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी डोहाळजेवणात आंबट कढी प्यायले, तर खरंच घसा धरला. चार दिवस बोलता येईना. त्या चार दिवसांत मला स्वतःची फार भीती वाटली.

त्याआधीच, पहिल्या दिवाळीनंतर, ती आली होती. भांडी घासून घेत होते, तर फाटकातून पोरी ओरडत आल्या, “बाई, तुमची आई आली.” चाळीस पोरी अंगणात. स्वयंपाकीणबाई, सुपरिटेंडेंट, सगळे बाहेर. मधोमध ती — उंच, काटक, नऊवारी, डोक्यावर बोचकं. नजर इतकी चांगली, की पुढं माझ्या सुईत दोरा तीच ओवून द्यायची. म्हणजे दिसलं नसेल म्हणावं, तर तसंही नाही. तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं. मी मनात पळायची वाट मोजत होते: मागचं दार, शेत, रस्ता.

ती पुढं आली, माझ्या गालावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “लई वाळलीस गं.”

बस. एवढंच. तीन दिवस राहिली. मला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं. पोरींना गोष्टी सांगितल्या. कौसाबाई सगळ्यांची आजी झाली. मी मात्र तीन दिवस भिंतीला पाठ लावून बसले. ती वेडी आहे का? की दुःखानं तिला मीच तिची लेक दिसते? मी कडेकडेनं तिचा चेहरा बघायची, तर ती आधीपासून माझ्याकडं बघत असायची. शांत. डोळे न हलवता.

मग दर साली दिवाळी झाली की यायची. हळूहळू माझी पाठ भिंतीपासून सुटली. माझी स्वतःची आई मी लहान असतानाच गेली होती. डोक्याला तेल लावून कुणी कधी बसलं नव्हतं. मी दसऱ्यापासून दिवस मोजायला लागले. एका साली ती म्हणाली, आपली कपिला गाय मेली, तुला लई लळा होता तिचा. मी रडले. खरं पाणी आलं डोळ्यांत. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

गावाकडं ये असं तिनं एकदाही म्हटलं नाही. गावात ती सांगायची, पोरीला रजा मिळत न्हाई. हे मला गुरुजींच्या कार्डातून कळलं. ती मला सांभाळून घेत होती, आणि का घेत होती हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं? मी नाही विचारलं. मला बरं चाललं होतं.

आता आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती लपवून चालणार नाही. आठव्या वर्षी वसतिगृहात भोकरदनकडची एक मुलगी नवीन आली. माझ्या सासरच्याच गावची. बोलता बोलता तिच्याकडून कळलं, की तो माणूस ट्रॅक्टर उलटून मेला, वर्ष होऊन गेलं. बायको-पोरं मागं ठेवून. म्हणजे मला आता भ्यायला कुणी उरलं नव्हतं. हे मला कळलं आषाढात. आणि कौसाबाई आली दिवाळीनंतर. हे दोन्ही लक्षात घ्या, म्हणजे पुढचं मी कशामुळे केलं असेल याला तुम्ही भीतीचं कारण लावणार नाही.

त्या साली ती थकलेली दिसली. निघताना मी तिला सोडायला शहागडपर्यंत गेले. तोवर कधी गेले नव्हते. काहीतरी निमित्त काढायची. पण तिला बोचकं उचलवेना. दुपारची वेळ होती, तिची गाडी यायची होती. आम्ही बसलो तिथून पूल दिसत होता, आणि पुलाखालचा काठही. मी त्या बाजूला पाठ करून बसले.

ती म्हणाली, “एक इचारू?”

मी हसले असेन.

“म्या पयल्याच कार्डाला वळखलं व्हतं,” ती म्हणाली. “गुरुजींनी वाचलं, आईस. माझी सुशी मला आई कदी म्हनलीच न्हाई. अक्का म्हनायची.”

मी तिच्याकडं बघत राहिले. ती माझ्याकडं बघत नव्हती, नदीकडं बघत होती. आवाज अगदी नेहमीचा.

“आन् आपल्या घरी गाय कवाच नव्हती. तरी तू रडलीस. मला वाटलं, आता सांगल. आरडले असते तर तू पळून गेली असतीस, मंग माझ्या पोरीचा ठाव कुनी सांगितला असता? दर साली यायची, वाटायचं, यंदा सांगल. मंग मंग मलाच कळंना, म्या कुनाला भेटाया येते.” तिनं बोचक्याची गाठ आवळली. “मी तुला जा म्हनत न्हाई. नाव तुझ्याकडंच ठिव. कुनाला बोलायची न्हाई मी. फकस्त ती कुठंय, तेवढं सांग.”

बघा — तिला माझ्याकडून काहीच परत नको होतं. शब्दही नको होता. मी मागं वळून हात केला असता तरी पुरलं असतं. दोनशे पावलं नव्हती ती जागा. तिथं चिता जळताना मी डोळ्यांनी बघितली होती, जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. आणि दर साली येता-जाता ही बाई त्याच पुलावरून जायची, आणि सगळे टाकतात तसं एक नाणं खाली गंगेत टाकायची, हे तिनंच मला कौतुकानं सांगितलं होतं.

मला काय झालं होतं? भीती नव्हती, हे मी सांगितलं. दया आली नाही. खरं सांगते — राग आला. इतकी वर्षं माझ्या डोक्याला तेल लावलं ते माझ्यासाठी नव्हतंच. माझ्या तोंडाकडं बघत बसायची ती दुसरीच्या वाटेकडं बघत होती. त्या मेलेल्या मुलीचा मला हेवा वाटला. तिच्यासाठी कुणी आठ वर्षं एका परक्या बाईचे केस विंचरत होतं. माझ्यासाठी मावशी चार दिवस दार लावून बसली नव्हती.

मी तिचा हात हातात घेतला. आणि म्हटलं —

“अक्का, असं काय बोलायलीस? मी हितंच तर हाय.”

अक्का. तिनं तो शब्द मला क्षणापूर्वी दिला होता. मी तो उचलला आणि तिच्याच तोंडावर वापरला. आवाजही बदलला मी, जरा लाडिक केला. कसा सुचला? शहागडच्या छपराखाली लाडू हातावर ठेवताना सुशीलाचा जसा होता तसा तो आवाज निघाला. मी तो इतकी वर्षं कुठं ठेवला होता, मला माहीत नाही.

कौसाबाईचा चेहरा त्या एका क्षणापुरता उजळला. मी बघितला तो. शब्द कानावर पडला आणि आधी ती फसली, मग तिला उमगलं. त्या दोहोंच्या मधलं जे तिच्या तोंडावर होतं, त्याकडं बघायला नको होतं मी.

तिनं हात सोडवून घेतला. हळूच, पोरीच्या मुठीतून पदर सोडवावा तसा. “बरं,” म्हणाली. गाडी आली. बोचकं मी वर चढवून दिलं. खिडकीपाशी बसली, पण माझ्याकडं बघितलं नाही. गाडी पुलावर चढली. मी उभीच होते. त्या दिवशी खिडकीतून हात बाहेर आला नाही.

ती परत कधी आली नाही. कार्डंही थांबली. मी लिहिली — तीर्थरूप अक्कास, असं लिहून घेतलं, दोनदा. उत्तर नाही. तिसऱ्या दिवाळीच्या आधी गुरुजींचं कार्ड आलं, वरच्या कोपऱ्याला काळी शाई. कौसाबाई गेल्या. शेवटचे दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, दाराकडं तोंड करून पडून होत्या. अग्नी आम्ही गावकऱ्यांनी दिला, दहाव्याला तरी येणे.

जाणार कशी? गावात प्रत्येकाला सुशीलाचं तोंड माहीत. मी कळवलं, तब्येत बरी नाही.

त्यानंतर गुरुजींचं आणखी एक कार्ड आलं. शेवटचं. तसं जपून ठेवायची गरज नाही, पाठच आहे. लिहिलं होतं: ‘तुझ्या आईनं तुझ्यासाठी मजुरी करून तुला शिकवलं. तू तिच्या मातीला आली नाहीस, दहाव्याला आली नाहीस. गावात आता तुझं नाव कुणी तोंडावर आणत नाही. तुला बाराखडी मी शिकवली, याची मला लाज वाटते. यापुढं पत्र पाठवू नये.’

कार्ड सुशीलाच्या नावानं आलं होतं. मी उत्तर लिहिलं नाही.